दहा लाख रुपये ‘वॉज’ की ‘वेअर’? इंग्रजीची प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खुलं पत्र



तुमची नावं आम्हाला माहीत नाहीत आणि ती कळूही नयेत. प्रश्नपत्रिका कोण काढतं हे गुप्तच राहिलं पाहिजे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यामुळे हे पत्र पाकिटात घालून कुणाच्या पत्त्यावर धाडता येत नाही, उघडंच लिहावं लागतं. ज्या ज्या स्पर्धा परीक्षांत इंग्रजी व्याकरणाचे चार पर्यायांचे प्रश्न असतात, त्यांचे प्रश्न तयार करणाऱ्या आणि उत्तरतालिका कायम करणाऱ्या सर्व तज्ज्ञांना ते आहे. मी तालुक्याच्या गावी अशा परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले असतात. इंग्रजीच्या ज्या घटकावर मला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि जिथे मुलांवर सर्वांत जास्त अन्याय होताना दिसतो, त्याविषयीच लिहिते आहे. तो घटक म्हणजे कर्ता आणि क्रियापदाचा मेळ. त्यातही कर्ता जेव्हा मोजता न येणारा पदार्थ असतो किंवा एखादं परिमाण असतं, तेव्हाचा मेळ.

आधी एक गैरसमज बाजूला करते. मराठी मुलांना मेळ जमत नाही असं सर्रास म्हटलं जातं. चार वर्षांचं मराठी मूल ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळं खाल्लं’, ‘मी पोहे खाल्ले’ असं न चुकता बोलतं. इथे खाणारा तोच आहे, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे चार वेळा बदललं. ‘सर आले’ म्हणताना माणूस एकच आहे हे त्याला ठाऊक असतं, तरी आदरासाठी ते अनेकवचन वापरतं. याच्या तुलनेत इंग्रजीचा मेळ फारच सोपा. वर्तमानकाळात एक ‘एस’ लावायचा की नाही आणि ‘इज-आर’, ‘वॉज-वेअर’, ‘हॅज-हॅव’ यांपैकी काय घ्यायचं, एवढाच तो प्रश्न. मेळ नावाची गोष्ट आमच्या मुलांच्या अंगात मुरलेली असते.

मग चूक कुठे होते? ती होते मोजणीत. कोणती वस्तू सुटी सुटी मोजायची आणि कोणती एकसंध धरायची हे प्रत्येक भाषेने आपल्यापुरतं ठरवलेलं असतं, आणि मराठीने व इंग्रजीने ते वेगवेगळं ठरवलं आहे. आपण तांदूळ निवडले, धुतले, भिजत घातले असं म्हणतो. तेच तांदूळ शिजले की ‘भात झाला’ असं एकवचन येतं. इंग्रजीला कच्च्या-शिजलेल्याचा हा फरक नाही. तिथे पोत्यातला आणि ताटातला, दोन्ही ‘राइस’ एकवचनी. आपले केस गळतात, पांढरे होतात, तर इंग्रजीत डोक्यावरचं सगळं ‘हेअर’ मिळून एक. आपल्याकडे पैसे आले, संपले, बुडाले. तिथे ‘मनी’ एकच. दागिने घडवले, बातम्या आल्या, उपकरणं मागवली ही सगळी आपली अनेकवचनं, आणि ‘ज्वेलरी’, ‘न्यूज’, ‘इक्विपमेंट’ ही त्यांची एकवचनं. उलटही होतं. आपली कात्री एक, चष्मा एक, विजार एक. इंग्रजीत ‘सीझर्स’, ‘ग्लासेस’, ‘ट्राउझर्स’ यांना दोन पाती, दोन काचा, दोन पाय मोजून अनेकवचनी क्रियापद लागतं. मुलगा ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ लिहितो तेव्हा त्याला मेळ येत नाही असं म्हणणं चुकीचं आहे. ‘हेअर्स’ला ‘आर’ त्याने बरोबरच लावलं. त्याने केस मराठीत मोजले, इतकंच.

इंग्रजीची मोजणी जास्त तर्कशुद्ध आहे, असंही मुलांना वाटायला नको. इंग्रजीत गहू एकवचनी आणि ओट अनेकवचनी: ‘व्हीट इज’ आणि ‘ओट्स आर’. दाणे दोन्हीचे सारखेच सुटे. मटाराची गोष्ट तर मी वर्गात नेहमी सांगते. पूर्वीच्या इंग्रजीत ‘पीझ’ हा एकवचनी शब्द होता, आपल्या डाळीसारखा. शेवटचा ‘झ’ हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे असा लोकांचा समज झाला आणि सतराव्या शतकात तो तोडून ‘पी’ हे नवं एकवचन तयार झालं. तेव्हापासून ‘पी’ एक आणि ‘पीझ’ अनेक झाले. ‘न्यूज’चा प्रवास उलट्या दिशेने झाला. शेक्सपिअरच्या काळी हा शब्द अनेकवचनीही वापरला जाई, पुढे तो एकवचनी म्हणून रुळला. खुद्द एका देशाच्या नावाचंही असंच झालं. अमेरिकेच्या राज्यघटनेत आणि १८६५च्या तेराव्या दुरुस्तीतही ‘युनायटेड स्टेट्स’साठी अनेकवचनी सर्वनाम आलं आहे. आज तिथे ‘युनायटेड स्टेट्स आर’ असं कुणी म्हणत नाही. हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होतो. पाठ करायची यादी मागे पडते आणि माणसांनी काय कसं मोजलं याची गोष्ट समोर येते.

मोजता येणारी नामं आणि पदार्थवाचक नामं हा भेद इंग्रजी व्याकरणात ठसठशीतपणे मांडणाऱ्यांत ऑटो येस्पर्सन यांचं नाव अग्रभागी आहे. त्यांचं ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ १९२४ साली आलं. येस्पर्सन डेन्मार्कचे, इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला इंग्रजी काय मोजते आणि काय मोजत नाही हे नेमकं खटकतं. आमच्या मुलांनाही ते खटकतं, पण त्यांच्या खटकण्याला आपण अज्ञान म्हणतो.

आता परिमाणांकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. मराठीत परिमाण हे वस्तूचं विशेषण होऊन बसतं आणि क्रियापद वस्तूमागे जातं. दोन लिटर दूध उतू गेलं. पाच किलो साखर संपली. पाच किलो तांदूळ संपले. किलो पाचच, पण साखरेला एक क्रियापद आणि तांदळाला दुसरं. अर्धा आंबा खराब निघाला, अर्धे आंबे खराब निघाले, बरंचसं पाणी वाहून गेलं, बरेचसे आंबे गळून पडले. इंग्रजीतल्या ‘हाफ ऑफ’, ‘मोस्ट ऑफ’, ‘टू-थर्ड्स ऑफ’ यांचा नियम हाच आहे. ‘ऑफ’नंतर काय आलं ते बघा आणि त्याप्रमाणे क्रियापद लावा. हे मी मराठीतून सांगितलं की वर्गाला एका बैठकीत कळतं. मराठीतलं ‘बरेचसे’ आणि ‘बरंचसं’ आपण होऊन बदलतं, तेव्हा मुलांनी हा नियम आधीच पाळलेला असतो. शिकवणीच्या नोट्समध्ये मात्र तो स्वतंत्र नियम म्हणून येतो, त्याखाली अपवाद येतात, आणि मुलं नियमाचा क्रमांक पाठ करतात.

‘दीड’ हे त्याहून बारीक प्रकरण आहे. आपल्याकडे दीड वाजला, दोन वाजले. दीड तास झाला, अडीच तास झाले. दीड रुपया, पावणेदोन रुपये. म्हणजे आपलं अनेकवचन दोनाच्या जवळ पोचल्यावर सुरू होतं. इंग्रजीत एकाच्या पुढे जरा सरकलं की अनेकवचन: ‘वन अँड अ हाफ अवर्स’. मुलं इथे ‘वन अँड हाफ अवर’ लिहितात आणि त्यावर लाल रेघ बसते. ती चूक आहेच, पण तिच्यामागे मराठीचा पक्का हिशेब आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. इंग्रजीतही ‘ॲन अवर अँड अ हाफ’ म्हणताना ‘अवर’ एकवचनीच राहतो, हेही सांगितलं जात नाही. आणि ‘वन अँड अ हाफ अवर्स’ हे अनेकवचन शिकून झालं रे झालं की पुढच्याच पानावर ‘वन अँड अ हाफ अवर्स इज इनफ’ असं वाक्य येतं. नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी! आधीच गोंधळलेल्या मुलाने यातून काय समजायचं?

ते समजण्यासारखं आहे, फक्त कारण सांगावं लागतं. रक्कम, अंतर, वेळ, वजन यांचा आकडा इंग्रजी बोलणारा माणूस जेव्हा एक गठ्ठा म्हणून मनात धरतो, तेव्हा एकवचन वापरतो. ‘ट्वेंटी किलोमीटर्स इज टू फार टू वॉक’. इथे वीस वेगवेगळे किलोमीटर त्याच्या डोळ्यांपुढे नाहीत, एकच लांब पल्ला आहे. ‘अनदर टेन मिनिट्स’ हा प्रयोग आमच्या मुलांना चांगला माहीत असतो. ‘अनदर’ एरवी एकवचनी नामालाच लागतो, तरी दहा मिनिटांना चालतो, कारण ती दहा मिनिटं मिळून एक तुकडा झालेली असतात. तेच किलोमीटर किंवा एखाद्या रकमेच्या नोटा सुट्या दिसू लागल्या की अनेकवचन येतं. टेबलावर शंभराच्या पाच नोटा विखुरलेल्या असतील तर ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज वेअर लाइंग ऑन द टेबल’ म्हणणाऱ्याला कुणी चूक ठरवणार नाही. वचन बोलणाऱ्याच्या नजरेवर ठरतं.

रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आपल्या सगळ्यांच्याच कपाटात असतं. पी. सी. रेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी करत होते, पुढे ते ‘बो जेस्ट’चे कादंबरीकार म्हणून जगभर गाजले. त्यांच्या पुस्तकात हाच नियम आहे आणि तो सांगताना दोन अटी घातल्या आहेत. एक, रक्कम किंवा परिमाण एकत्रितपणे पाहिलेलं असलं पाहिजे. दोन, अशा वेळी क्रियापद सामान्यतः एकवचनी असतं. ‘एकत्रितपणे’ आणि ‘सामान्यतः’ हे दोन्ही शब्द शिकवण्यांच्या नोट्समध्ये गळतात आणि तिथून प्रश्नपत्रिकेत येईपर्यंत नियम असा होतो: रक्कम आली की ‘इज’.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं उदाहरण देते. सराव प्रश्नसंचात एक वाक्य होतं. रस्त्यावर दहा लाख रुपये खर्च झाले, अशा अर्थाचं, आणि रिकाम्या जागी ‘वॉज’ की ‘वेअर’ ते निवडायचं होतं. तिने ‘वेअर’ निवडलं, उत्तरतालिकेत ‘वॉज’ होतं. नियम वहीत लिहून घेतल्यावर तिने हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, पैसे हप्त्याहप्त्याने आले आणि तसतसे खर्च होत गेले, तर?” तिचे वडील ग्रामपंचायतीत काम करतात. निधी कसा टप्प्याटप्प्याने पडतो, एक टप्पा संपल्यावर काम कसं थांबतं, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं आहे. तिच्या डोळ्यांपुढे दहा लाखांचा गठ्ठा नव्हताच. त्या वाक्यात तसा गठ्ठा आहे असं सांगणारा एकही शब्द नव्हता. इंग्रजी वर्तमानपत्रांत अशी वाक्यं दोन्ही प्रकारे छापली जातात. मी तिला म्हटलं, तुझं उत्तर इंग्रजीत बरोबर आहे आणि परीक्षेत चूक धरलं जाईल. एका शिक्षिकेला विद्यार्थिनीपुढे असं बोलावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे तुमच्यापर्यंत पोचवावं, असं त्या दिवसापासून मनात होतं.

हा एकाच वाक्याचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिलं नसतं. ‘नन ऑफ द बॉइज’पुढे ‘हॅज’ की ‘हॅव’, हे वर्षानुवर्षं विचारलं जातं आणि ‘हॅज’ हेच एकमेव उत्तर धरलं जातं. रेन-मार्टिनमध्येच ‘नन’ला अनेकवचनी क्रियापद सर्रास लागतं अशी नोंद आहे. फाउलर यांनी १९२६च्या आपल्या प्रसिद्ध कोशात ‘नन’ फक्त एकवचनी आहे ही समजूत चुकीची असल्याचं म्हटलं आहे. ‘डेटा’चं तसंच. शास्त्रीय लेखनात तो अनेकदा अनेकवचनी असतो, संगणकाच्या आणि रोजच्या इंग्रजीत एकवचनी. ‘कमिटी’, ‘टीम’, ‘गव्हर्नमेंट’ यांच्याबाबतीत ब्रिटिश इंग्रजी दोन्ही चालवते, तर अमेरिकन इंग्रजीचा कल एकवचनाकडे. आमची मुलं क्रिकेटचं समालोचन ऐकत मोठी होतात. ‘इंडिया आर टू हंड्रेड फॉर थ्री’ हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं, आणि बातम्यांत ‘इंडिया इज’ हेही. पहिल्यात अकरा खेळाडू आहेत, दुसऱ्यात देश. हे त्यांना कानाने कळतं. आणि मग ‘द टीम’पुढे ‘आर’ लिहिलं म्हणून गुण जातो.

क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५च्या मोठ्या व्याकरणात मेळाची तीन तत्त्वं दिली आहेत: रूपाप्रमाणे होणारा मेळ, अर्थाप्रमाणे होणारा मेळ आणि जवळच्या नामाच्या ओढीने होणारा मेळ. इंग्रजीत ही तिन्ही एकाच वेळी काम करत असतात आणि कधी कधी एकमेकांना छेद देतात. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणूनच विनंती तुम्हाला करते आहे. जिथे चांगल्या इंग्रजीत एकच उत्तर चालतं, तिथे खुशाल विचारा, कठीण विचारा. ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांतला फरक विचारा. ‘मोअर दॅन वन’ विचारा, अर्थ अनेकांचा असूनही तिथे एकवचनच येतं. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘सीझर्स’, ‘कॅटल’, ‘पोलीस’ विचारा. तिथे चुकणाऱ्याचा गुण गेला तर मी एक शब्द बोलणार नाही. ज्या वाक्याची दोन उत्तरं चांगल्या इंग्रजीत चालतात, ते चार पर्यायांच्या प्रश्नात घालू नका, एवढंच मागणं आहे.

आणि घालायचंच असेल तर वाक्याला थोडा संदर्भ द्या. ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज’पुढे रिकामी जागा आणि मग ‘द प्राइस ऑफ द टिकेट’ असं असेल, तर ती एकच रक्कम आहे हे वाक्यच सांगतं. नोटा जमिनीवर पसरल्या आहेत असं वाक्य असेल, तर त्या सुट्या आहेत हेही दिसतं. अशी दोन वाक्यं शेजारी ठेवून दोन्हीकडचं क्रियापद विचारलं, तर पाठांतर केलेला आणि समजून घेतलेला विद्यार्थी तुम्हाला लगेच वेगळे दिसतील. प्रश्नाची काठिण्यपातळीही वाढेल, आणि कुणाला हरकत घ्यायला जागा उरणार नाही.

हरकतीचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. पहिली उत्तरतालिका आली की मुलं पुस्तकांची पानं जोडून आक्षेप नोंदवतात. गावातली मुलं त्यासाठी सायबर कॅफेत जाऊन स्कॅन करतात. त्यांच्याकडे क्वर्क नसतो, फाउलर नसतो. असतात त्या शिकवणीच्या नोट्स, आणि त्या तुमच्याच जुन्या उत्तरतालिका पाहून तयार झालेल्या असतात. एकदा चुकीने ठरलेलं उत्तर असं फिरत फिरत पुन्हा पुरावा म्हणून समोर येतं. हे चक्र मुलं मोडू शकत नाहीत आणि मीही मोडू शकत नाही. मी वर्गात दोन्ही क्रियापदं बरोबर आहेत असं सांगितलं, तर मुलं विचारतात, पेपरात कोणतं लिहायचं? पाव गुण कापला जाणार असेल, तर तो प्रश्न त्यांनी विचारणं रास्तच आहे. एकेका गुणाच्या फरकाने यादीत नाव लागतं किंवा पुढचं वर्ष पुन्हा अभ्यासिकेत जातं.

म्हणून एक ठोस मागणी करते. अंतिम उत्तरतालिका प्रसिद्ध करताना व्याकरणाच्या ज्या प्रश्नांवर आक्षेप आले असतील, त्यांच्यापुढे एक ओळ कारणाची लिहा. कोणत्या आधारे हे उत्तर कायम केलं ते सांगा, आणि जिथे आधार दोन्ही बाजूंना असेल तिथे दोन्ही पर्याय ग्राह्य धरा. दहा-पंधरा ओळींचं काम आहे. ती ओळ वाचून शिकवणीवाले आपल्या नोट्स सुधारतील, मीही माझ्या सुधारीन. त्या मुलीने हप्त्यांबद्दल जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तुमच्याकडून आलं, तर मला ते फळ्याशेजारी लावून ठेवायचं आहे.



आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका